रक्तात जात दिसते का?

वर्षावासातल्या एका रविवारी आम्ही निडीला गेलो होतो. दिवा-रोहा गाडीने नागोठणे सोडले की पुढचे स्टेशन निडी, आणि त्यानंतर रोहा. ग्रंथवाचन झाल्यावर विहारात अर्धा तास आरोग्यावर बोलायचे ठरले होते. विषय आमचा नेहमीचाच होता: अंगात रक्त कमी असणे, लोहाच्या गोळ्या, बाळंतिणीचा आहार. बोलणे संपत आले, चहा आला, आणि मागच्या रांगेतल्या एक आजी उठून म्हणाल्या, “बाळांनो, रक्त तपासून जात कळते काय?”

काहीजण हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांच्या नातवाने मोबाइलवर बातमी वाचून दाखवली होती, की सरकारने देशभरातल्या निरनिराळ्या समाजांतल्या दहा हजार माणसांच्या रक्ताची माहिती काढून ती साठवून ठेवली आहे. शिवाय त्यांच्या माहेरच्या वस्तीत काही वर्षांपूर्वी एक पथक आले होते. नाव, आडनाव, जात, वडिलांचे गाव असे सगळे लिहून घेतले, दंडातून रक्ताच्या नळ्या भरून नेल्या. नंतर ना कागद आला, ना कुणी माणूस फिरकला. “कशाला नेले असेल?” असे आजींनी विचारले.

त्या दिवशी आम्ही दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. परतीच्या गाडीत आमचेच समाधान होईना. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून मोजले गेले, त्यांनी हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर तेच उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

दाखल्यावरची मात्रा

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत एक मोठा लेख असतो. त्याला डीएनए म्हणतात. या लेखाची अक्षरे चारच आहेत, पण लेखाची लांबी सुमारे तीन अब्ज अक्षरे. अर्धा लेख आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. या लेखात शरीराचे निरनिराळे भाग कसे बनवायचे याच्या सूचना असतात, आणि त्यातल्या एकेका सूचनेला जनुक म्हणतात.

लेख पुढच्या पिढीत जातो तेव्हा त्याची नक्कल होते, आणि नक्कल करताना चूक होतेच. जात पडताळणीसाठी कागद गोळा केलेल्या प्रत्येक घराला हे सांगायला नको. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी आडनावातली एक मात्रा गाळली, तीच चूक आजोबांच्या दाखल्यावर आली, पुढे वडिलांच्या, आणि आता समितीपुढे आपण शपथपत्र घेऊन उभे. जनुकांचेही असेच होते. एखाद्या पूर्वजाच्या लेखात एक अक्षर बदलले, तर तो बदल त्याच्या काही वंशजांत उतरत राहतो. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही. काहींमुळे डोळ्यांचा रंग बदलतो, काहींमुळे एखादे औषध सोसत नाही, आणि मोजक्या बदलांमुळे आजार होतो.

देशभराच्या लोकसंख्येचा अभ्यास म्हणजे हेच बदल मोजणे. माणसाकडून थोडे रक्त घेतात. तांबड्या पेशींत हा लेख नसतो, म्हणून पांढऱ्या पेशींतून तो काढतात. यंत्र तो तुकड्यातुकड्याने वाचते आणि संगणक ते तुकडे जुळवून एका नमुना-प्रतीशी ताडून पाहतो. कुठे कोणते अक्षर वेगळे आहे, त्याची यादी होते. हजारो माणसांच्या अशा याद्या एकत्र केल्या की कोणता बदल किती जणांत आहे, ते कळते.

आजींच्या नातवाने वाचलेली बातमी खरी आहे. त्या प्रकल्पाचे नाव जीनोम इंडिया. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून जानेवारी २०२० मध्ये तो सुरू झाला आणि २० संस्था त्यात सहभागी झाल्या. सुमारे २०,००० नमुने गोळा झाले, त्यातल्या १०,०७४ माणसांचा पूर्ण लेख वाचला गेला. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी जे पहिले निष्कर्ष छापले, ते ८३ समाजगटांतल्या ९,७७२ जणांचे होते. त्यांत १८ कोटी ठिकाणी अक्षरांचे फरक सापडले. ही माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे. आकडा मोठा वाटतो, पण भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाने ‘पीपल ऑफ इंडिया’ या पाहणीत देशातले ४,६३५ समाज नोंदवले होते. त्यापुढे ८३ म्हणजे सुरुवातच.

मग हे करायचे तरी कशाला? कारण जगात आजवर झालेल्या अशा अभ्यासांत बहुसंख्य नमुने युरोपीय वंशाच्या माणसांचे आहेत. कोणता बदल धोक्याचा, कुणाला कोणत्या औषधाचा किती डोस, हे त्यांच्यावरून ठरते आणि आपल्याला लागू केले जाते. ते आपल्याला बसेलच असे नाही.

नाक मोजणारे आणि बाबासाहेब

आता आजींचा प्रश्न. तो विचारण्याला इतिहास आहे. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांची नाके मोजली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा. १९०१ च्या जनगणनेचा तो प्रमुख होता, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला सरकारी वजन आले.

याला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलेले नसते. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेली नाकांची मापेच पुढे घेतली आणि प्रांताप्रांतांतल्या ब्राह्मणांची व अस्पृश्यांची मापे शेजारी ठेवून दाखवले, की ही माणसे वेगळ्या वंशांची ठरत नाहीत. म्हणजे मोजमापाला भिऊन ते बाजूला झाले नाहीत, मोजमापच नीट तपासले. आम्हाला वाटते, जनुकांच्या अभ्यासाकडेही आपण याच रीतीने पाहावे.

तर नीट पाहू. कोणत्याही दोन माणसांच्या लेखात हजार अक्षरांमागे सरासरी एखादेच अक्षर वेगळे असते. १९७२ मध्ये रिचर्ड लेवोंटिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हिशेब केला, की माणसामाणसांतल्या एकूण जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. निडीच्या विहारात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांतच पुष्कळ फरक सापडतील. ‘जातीचे जनुक’ असे काही नाही. बुद्धी, सचोटी, शुद्ध-अशुद्ध यांचे माप रक्तात नाही.

पण म्हणून रक्तात काहीच दिसत नाही, असे सांगितले तर आम्ही आजींना फसवले असे होईल. दिसते ती भिंत. पेण-रोह्याकडे खाडीकाठी खारबंदिस्ती असते. बांध घालण्यापूर्वी दोन्हीकडची माती एकच, पाणीही एकच. बांध पडला, उघाडी बंद राहिली, की वर्षानुवर्षांनी आतल्या आणि बाहेरच्या मातीतले मीठ वेगवेगळे होते. माती तपासून ती बांधाच्या कोणत्या अंगाची हे सांगता येईल. पण बांध मातीने घातलेला नाही, माणसांनी घातला आहे. एखादा समाज हजार-दीड हजार वर्षे आपसातच लग्ने करत राहिला, की काही बदल त्याच्यात जास्त साठतात आणि काही नाहीसे होतात. पुष्कळ नमुने जवळ असले तर संगणक त्यावरून अंदाज बांधू शकतो. तो अंदाज कुणाचे लग्न कुणाशी झाले आणि कुणाशी होऊ दिले नाही, याचा असतो.

हा बांध कधी पडला, तेही शास्त्रज्ञांनी शोधले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे लालजी सिंग व कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांनी २००९ मध्ये २५ गटांतल्या १३२ भारतीयांचा अभ्यास छापला. त्यात त्यांना बहुतेक भारतीय गटांत दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण आढळले. ब्राह्मण असो की आदिवासी, प्रमाण कमी-जास्त, पण मिश्रण आहेच. २०१३ मध्ये याच मंडळींनी ७३ गट पाहून सांगितले, की हे मिसळणे सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात होते, आणि पुढे ते थांबत गेले. म्हणजे लोक आधी मिसळत होते आणि नंतर बंदी आली.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला. त्यातले मुख्य प्रतिपादन असे, की जातीचे मर्म आपसातल्या विवाहात आहे, आणि एकाच संस्कृतीच्या, आधीच मिसळलेल्या लोकांवर हे बंधन लादून जाती तयार झाल्या. तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कुणाला माहीत नव्हती. ती १९५३ मध्ये कळली.

रोहेकर, पेणकर, अष्टमकर

लांबचे उदाहरण कशाला? निडीच्या आसपासचेच घेऊ. रोहेकर, पेणकर, अष्टमकर ही आडनावे आपल्या भागातल्या बेने इस्रायल म्हणजे मराठी ज्यू लोकांत आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी त्यांची कथा. बरेचजण आता इस्रायलमध्ये स्थायिक झाले, तरी रायगडात त्यांची सिनेगॉग आहेत.

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी बेने इस्रायल समाजातल्या १८ जणांच्या जनुकांचा अभ्यास छापला. निष्कर्ष असा: त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वाटा आहे आणि भारतीयांचाही मोठा वाटा आहे. हे मिसळणे साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे. ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आलेला, स्थानिक वाटा स्त्रियांकडून. म्हणजे इथल्या कुणाच्या तरी लेकी त्या घरांत गेल्या. त्यानंतर मात्र हा समाजही आपसातच लग्ने करू लागला. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन तट पडले होते. आपल्या मातीची ही लागण कुणाला चुकली नाही!

त्याच अभ्यासात एक इशारा आहे, आणि तो आपल्या पानाचा खरा विषय आहे. समाज लहान आणि लग्ने आपसात, असे झाले की काही आजार वाढण्याची शक्यता असते.

बांधाच्या आत साठणारे आजार

काही आजार असे असतात, की बिघडलेले अक्षर आई आणि वडील दोघांकडून आले तरच आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणतात. वाहकाला बहुधा पत्ताच नसतो. दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता बांधाच्या आत जास्त. मामाच्या मुलीशी लग्न केले तर आणखी जास्त, कारण दोघांचे आजी-आजोबा एकच.

हे फक्त आपल्याबद्दल नाही. २०१७ मध्ये राइख-थंगराज यांच्या गटाने दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा अभ्यास छापला. त्यातल्या ८१ गटांत आपसातल्या विवाहांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या ज्यूंपेक्षाही खोल निघाला. हे दोन समाज या बाबतीत जगभर उदाहरण म्हणून सांगितले जातात. आंध्रातले वैश्य हे व्यापारी, सुस्थितीतले लोक. पण त्यांच्यात एक बदल जास्त आढळतो, ज्यामुळे भूल देताना वापरायच्या एका औषधाचा परिणाम लवकर उतरत नाही. हे आता माहीत असल्यामुळे डॉक्टर आधीच चौकशी करू शकतात. ‘उच्च’ म्हणवणाऱ्यांनाही बांधाने काही चांगले दिले नाही.

आपल्याला सर्वांत जवळचा आजार सिकलसेल. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. विदर्भातल्या बौद्ध घरांत आणि राज्यातल्या अनेक आदिवासी समाजांत हा बदल जास्त आढळतो. कारण जातीत नाही, मलेरियात आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले, की सिकलचा वाहक मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून बराच वाचतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक टिकले. अरबस्तानात, ग्रीसमध्येही सिकलसेल आहे.

यात बदल एकाच अक्षराचा. रक्तातला तांबडा पदार्थ बनवणाऱ्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, आणि गोल, मऊ तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या, ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे आणि हाडे असह्य दुखतात, लहान बाळाचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे दिसतात, ताप वारंवार येतो. पण एकच बदल असूनही आजाराचा जोर सारखा नसतो. गुजरातेतल्या वलसाडकडच्या आदिवासी रुग्णांत तो सौम्य आणि नागपूरकडच्या रुग्णांत तीव्र असल्याचे संशोधकांना दिसले. दुसऱ्या जनुकांतले फरक हे त्याचे एक मोठे कारण. म्हणूनच एका ठिकाणचा अभ्यास दुसऱ्याला पुरत नाही.

निडी-रोह्याच्या वाचकांना हे का सांगतो? कारण आता वधू-वर मेळावे आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गट यांमुळे नागपूरचे स्थळ रोह्याला येते. साडेबारा पोटजातींचे बांध फुटत आहेत, हे चांगलेच आहे. पण आमच्या ओळखीतल्या एका घरात काय झाले ते ऐका. मुलगी विदर्भातली, शिकलेली, वाहक असल्याचे कार्ड तिने स्वतःहून दाखवले. मुलाकडच्यांनी ‘मुलीच्या रक्तात दोष आहे’ म्हणून सुपारी फुटल्यावर लग्न मोडले. मुलाची तपासणी कुणी केलीच नाही. नंतर दुसऱ्या कारणाने झाली, तेव्हा त्याच्यात सिकलचा बदल नव्हता. त्या दोघांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार झाला नसता. खरे बोलली म्हणून मुलीला शिक्षा झाली.

हिशेब साधा आहे. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसऱ्यात काही बदल नाही, तर मुले आजारी होत नाहीत, काही वाहक होतील इतकेच. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक होण्याची, चारात एक पूर्ण मोकळे असण्याची. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ असे नसते. दर वेळी फासा नव्याने पडतो. आणि जोडीदार दुसऱ्या समाजाचा असला तरी तपासणी दोघांचीही हवी. थॅलेसेमिया हा याच जनुकाचा दुसरा बिघाड सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत जास्त आहे, आणि एकाकडून सिकल व दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरीही मूल आजारी होते.

पत्रिका पाहणे आपण सोडले, तर त्या जागी हा एक कागद पाहू. पहिली चाचणी सोपी, बोटातल्या थेंबभर रक्तावर होते. त्यात काही आढळले तर एचपीएलसी नावाची पक्की चाचणी करतात, तिच्यातून वाहक की रुग्ण ते कळते. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. गावातल्या आशाताईंना विचारा. दोघे वाहक असूनही लग्न झालेले असेल, तर घाबरून जाऊ नका. गरोदरपण कळताच पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी करता येते. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत त्याची सोय आहे. रुग्ण असेल तर भरपूर पाणी, थंडीपासून जपणे, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.

रक्त देण्याआधी

राहिला आजींचा दुसरा प्रश्न, नेलेल्या नळ्यांचा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात हवासुपाई नावाचे आदिवासी आहेत. १९९० पासून त्यांच्याकडून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त घेतले गेले. पुढे त्यांना कळले, की तेच रक्त मानसिक आजार, आपसातली लग्ने, पूर्वजांचे स्थलांतर अशा न विचारलेल्या विषयांसाठी वापरले. त्यांनी विद्यापीठावर दावा लावला. २०१० मध्ये तडजोड झाली, विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. लोकांनी ते सन्मानाने गावी नेले.

आपल्याकडेही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम आहेत. संशोधनासाठी रक्त घेताना आपल्याला समजेल अशा भाषेत कारण सांगून लेखी संमती घ्यावी लागते, अंगठा देणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, आणि आपण कधीही माघार घेऊ शकतो. माघार घेतली म्हणून उपचार अडवता येत नाहीत. तेव्हा कुणी नळ्या घेऊन आले की विचारा: ही तपासणी माझ्या उपचारासाठी आहे की अभ्यासासाठी? नमुना कुठे आणि किती वर्षे राहणार? दुसऱ्या कामाला वापरणार का? मला निकाल कळवणार का? संमतीपत्राची प्रत हातात घ्या. त्यावर नीतिशास्त्र समितीचा फोन नंबर असायला हवा. नसेल तर दंड पुढे करू नका. मात्र सगळे नीट असेल तर आमचे मत असे, की जरूर भाग घ्या. आपले रक्त त्या यादीत नसेल, तर आपल्या आजारांची उत्तरेही दुसऱ्यांच्याच रक्तात शोधली जातील.

हा मजकूर तयार झाल्यावर आम्ही निडीला फोन करून आजींना वाचून दाखवला. त्यांनी बांधाचा भाग परत वाचायला लावला. मग म्हणाल्या, “नातीचे माघात करायचे आहे. पोराकडच्यांना सांगते, दोघांनी जोडीने जाऊन तपासून या.”